रुपयाच्या जागी झाकण

अक्काच्या तळपायाची जखम दूरच्या डॉक्टरांच्या पडद्यावर जवळजवळ पाव हिश्श्याने लहान झाली होती. त्याच वेळी तिच्या पायावर ती पाव हिश्श्याने मोठी झाली होती. दोन्ही आकडे मी स्वतः तपासले आहेत. हे कसं झालं ते क्रमाने लिहितो आहे, कारण तोंडी सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा जखमेचं सोडून माझी समजूत काढायला लागतो. मला समजूत नको आहे.

मी जालन्यात लोखंडी सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात माप तपासायला असतो. बारा मिलिमीटरची सळई खरंच बाराची आहे ना, हे बघायचं माझं काम. त्यासाठी माझ्या बॅगेत कायम व्हर्नियर असतो, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी मिलिमीटरच्या बारीक भागापर्यंत सांगणारी पोलादी पट्टी. बायको म्हणते, तुमचं चाललं तर भाकरीसुद्धा त्यानेच मोजाल. मोजली नाही, पण मोजली असती तर आकडा खरा सांगितला असता. सळई मापात नसताना मी ती पुढे सोडली तर दुसऱ्या दिवशी मला साहेबांसमोर उभं राहावं लागतं. ती सळई कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार असते. पाय तर माणसाच्या अंगाला लागलेला असतो.

अक्का माझी थोरली बहीण. कुंभार पिंपळगावच्या पलीकडे आत एका खेड्यात राहते. मेहुणे गेल्यापासून शेत तीच बघते. भाचा पुण्याला कंपनीत आहे, सून आणि शाळेत जाणारी नात अक्कापाशी असतात. होळीनंतर कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या रानात अक्काच्या पायात उरलेल्या बुंध्याचं धसकट घुसलं. चपलेतून आरपार गेलं आणि तिला कळलंच नाही. साखरेचा आजार जुना, तळपाय बधिर झालेले. संध्याकाळी सुनेला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. त्यांचा माग काढत ती आतल्या खोलीत गेली, तर अक्का आरामात चहा पीत बसलेली. वर तिने सुनेलाच विचारलं की फरशी कुणी खराब केली.

तिला मी जालन्याला आणलं. इथल्या सर्जननी मेलेलं मांस काढलं, पट्टी बांधली आणि तीन गोष्टी सांगितल्या: साखर आटोक्यात ठेवा, या पायावर भार देऊ नका, आणि दर आठवड्याला जाणत्या माणसाला जखम दाखवा. पहिल्या दोन गोष्टी कळल्या. तिसरीसाठी आधी रिक्षाने कुंभार पिंपळगाव, तिथून बस, मग दवाखान्यातली रांग, आणि या सगळ्यात पाय खालीच. पाय टेकवू नका हे ऐकण्यासाठी दर आठवड्याला पाय टेकवत यायचं. मी म्हणालो, बरं होईस्तोवर आमच्याकडेच राहा. ती काही दिवस राहिली आणि मग कपड्यांची पिशवी भरून दारात बसली.

"जनावरं काय मोबाईलवर सांभाळू का?" ती म्हणाली.

जनावरं नाही, पण पाय मोबाईलवर सांभाळता येतो, हे मला नुकतंच कळलं होतं. त्यांच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नवी सोय सुरू झाली होती. तिथल्या मॅडम जखमेचा फोटो काढून मोठ्या शहरातल्या जखमांच्या डॉक्टरांना पाठवायच्या. ठरलेल्या दिवशी डॉक्टर टॅबच्या पडद्यावर येऊन रुग्णाशी बोलायचे. त्या सोयीला मी नावं ठेवत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. फक्त जखमाच बघणारा डॉक्टर आमच्या खेड्यातल्या बाईला घरापासून हाकेच्या अंतरावर भेटतो, ही लहान गोष्ट नाही. कारखान्यात मी ज्याला त्याला ती सांगत सुटलो होतो. राग आहे तो म्हणूनच. वाईट वस्तू मोडली तर एवढं लागत नाही.

पहिल्या दिवशी मी हजर होतो. डॉक्टर तरुण होते, बोलणं नीट, घाई असूनही आवाजात घाई नाही. जखमेच्या कडा दाबून दाखवायला सांगितल्या, आतला रंग बघितला, साखर विचारली. मग मॅडमना म्हणाले की फोटो काढताना जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. कारण मला लगेच पटलं. मोबाईल जवळ धरला की जखम मोठी दिसते, लांब धरला की लहान. शेजारी ठरावीक मापाची वस्तू असली की तिच्यावरून खरा आकार निघतो. तिकडे कॉम्प्युटरवर नाण्याभोवती गोल काढायचा, जखमेभोवती रेघ काढायची, आणि क्षेत्रफळ आपोआप येतं. हिशेब सरळ आहे, त्यात खोट नाही.

मॅडमनी पर्समधून रुपया काढला आणि अक्काच्या तळपायापाशी नेला. अक्काने पाय मागे ओढला.

"न्हाई. लक्ष्मी हाय ती."

"मावशी, दोन मिनिटं फक्त," मॅडम म्हणाल्या.

"दोन मिनिटं तुमच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी माह्या पायापाशी आणून ठेवता का? तेबी असल्या घाणीत?"

पडद्यावरचे डॉक्टर तेवढ्यात दुसरं काहीतरी वाचत होते. त्यांनी मान वर करून काही अडचण आहे का असं विचारलं, आणि मॅडम म्हणाल्या, नाही सर. त्या बिचाऱ्या दुसरं काय म्हणणार होत्या? बाहेर बाकावर लसीकरणाची लेकरं रडत होती. मी अक्काला समजावलं. तिने डोळे मिटून घेतले, फोटो निघाला. निघताना तिने ते नाणं मागून घेतलं, मॅडमना बदल्यात आपला दुसरा रुपया दिला, आणि घरी आल्यावर नाणं धुऊन, कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवलं. जखम निघाली चार पूर्णांक आठ चौरस सेंटिमीटर.

इथे थोडं थांबतो, कारण सगळं इथेच आहे. आमच्याकडे चुकून नाण्याला पाय लागला तर माणूस वाकतो, नाणं उचलतो, कपाळाला लावतो. न शिकलेला वाकतो आणि शिकलेलाही वाकतो. मी वाकतो. त्या डॉक्टरांच्या आईनेही त्यांना लहानपणी हेच शिकवलं असणार. हे काही कुठल्या डोंगरातल्या लोकांचं गुपित नाही. तरी देशभरच्या पायांच्या जखमांशेजारी नाणं ठेवा, असं कुणीतरी एका खोलीत बसून ठरवलं. ठरवताना खोलीतल्या एकालाही पाय आणि नाणं ही जोडी खटकली नाही. पाय ज्यांचे, त्यांच्यातलं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मॅडमनी मला सांगितलं की आधी असं नव्हतं. सुरुवातीला सेंटिमीटरच्या खुणा छापलेल्या कागदी पट्ट्या आल्या होत्या. जखमेशेजारी चिकटवायची, फोटो काढायचा, फेकून द्यायची. पाकीट संपलं. मॅडमनी मागणी पाठवली. वरून उत्तर आलं, पट्ट्या येईपर्यंत नाणं वापरा. कागदाच्या पट्ट्या. त्यावर रेघा. आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला तशा हव्या तेवढ्या काढून देईल आणि वर चहा पाजेल.

पुढचे फोटो घरून पाठवायचे ठरलं, म्हणजे अक्काला उपकेंद्रापर्यंत चालावं लागणार नाही. हा विचारही चांगलाच होता. सून हुशार आणि निगुतीची. हात साबणाने धुवायची, सलाईनच्या पाण्याने जखम पुसायची, दारातल्या उजेडात अक्काचा पाय उशीवर ठेवायची आणि मगच फोटो काढायची. एकही ठरलेला दिवस तिने चुकवला नाही. नाण्याचं मात्र अक्काने घरात चालू दिलं नाही. उपकेंद्र सरकारी होतं, घर तिचं होतं. तेव्हा सुनेने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेतलं. पत्र्याचं, पांढरं चकचकीत, गोल. स्वच्छ धुतलं, उकळलं, आणि जखमेशेजारी ठेवलं. आणि हे तिने परस्पर केलं नाही. आधी मॅडमना फोन करून विचारलं. मॅडम तेव्हा गर्दीत होत्या. त्या म्हणाल्या, काहीतरी गोल असलं म्हणजे झालं.

फोटो शहरात गेला. तिथे कुणीतरी त्या चकचकीत गोल वस्तूभोवती गोल काढला आणि कॉम्प्युटरला सांगितलं, हा रुपया. फोटोत त्या रुपयावर ना आकडा होता ना छाप. तरी सांगितलं, हा रुपया. आकडा आला तीन पूर्णांक सहा.

त्यांच्या यादीत रुग्णांना रंग असतात. लाल म्हणजे ताबडतोब बघा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे बरं होत आहे. अक्का पिवळ्यातून हिरव्यात गेली. डॉक्टर सुनेच्या मोबाईलवर येऊन म्हणाले, छान, आता दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी भेटू, आणि पॅड लावून थोडं चाललं तरी हरकत नाही. अक्काने त्यातला पॅड आणि थोडं हे दोन शब्द गाळून बाकीचं ऐकलं. सुनेने मला फोन केला, मी बायकोला सांगितलं, घरात शिरा झाला. पंधरा दिवसांनी आकडा आला तीन पूर्णांक सात. स्थिर, असा शेरा. रंग हिरवाच.

त्यानंतरच्या रविवारी मी मोटारसायकलने गेलो. अंबडपासून पुढे ऊन असं होतं की हँडल हातात धरवेना. घरात पाऊल टाकलं आणि मला उदबत्तीचा वास आला. तिन्हीसांजेला लावतात तशी एक नव्हे, कोपऱ्याकोपऱ्यात लावलेल्या. त्या वासाखाली दुसरा वास होता. अक्का खाटेवर बसली होती, पायावर पातळ नीट ओढून घेतलेलं.

"चहा ठेव गं मामाला," तिने आत सांगितलं. मग मला म्हणाली, "पाय बरा होऊन राह्यलाय. डॉक्टरनं हिरवा कलर देल्ता."

मी विचारलं, वास कशाचा येतोय.

"उदबत्तीचा."

"अक्का."

"मोबाईलमधून डॉक्टरला वास गेला न्हाई. तुलाच बरा आला."

ती हसली. मला हसू आलं नाही. तिला वास किती दिवसांपासून येत होता हे तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. डॉक्टरने बरं म्हटलं आहे, मग वासाचं बोलून सुनेला कशाला घाबरवायचं, असा तिचा हिशेब. आठवडाभर ती सकाळी रानातही जात होती. चालायला हरकत नाही म्हणाले होते.

मी पातळ बाजूला केलं. जखमेच्या कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या झाल्या होत्या. करंगळीच्या बुडाशी काळं पडलेलं. लाली घोट्यापर्यंत चढली होती. हात लावला तर कातडी तापलेली. मी डॉक्टर नाही, पण हा पाय बरा होत नाही हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. फक्त इथे, या खोलीत असावं लागत होतं.

मी सुनेला म्हणालो, फोटो कसा काढतेस ते मला दाखव. ती सगळं सामान एका ताटात मांडून घेऊन आली. कापूस, सलाईनची बाटली, कात्री, मोबाईल, आणि एका वाटीत ते झाकण.

"हे काय?"

"रुपयाच्या जागी ठेवतो, मामा. आत्याबाई नाणं ठेवू देत न्हाईत."

बॅग जवळच होती. झाकण व्हर्नियरच्या जबड्यांत धरलं. अठ्ठावीस मिलिमीटर. मग देव्हाऱ्यातून पहिल्या दिवसाचं ते नाणं मागितलं. अक्काने का म्हणून विचारलं नाही, हात जोडून काढून दिलं. बावीस. घरातले बाकीचे रुपयेही मोजले. एक जुना होता तो पंचवीस, एक नवीन होता तो वीस. रुपया म्हणजे नक्की कोणता रुपया, हेसुद्धा त्या खोलीतल्यांनी सांगितलं नव्हतं. सळईच्या बाबतीत असं मोघम कुणी बोललं तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवतो.

पुढचा हिशेब शाळेतला आहे. क्षेत्रफळ वर्गाने बदलतं. अठ्ठाविसाचा वर्ग सातशे चौऱ्याऐंशी, बाविसाचा चारशे चौऱ्याऐंशी. भागाकार एक पूर्णांक बासष्ट. अठ्ठावीसच्या झाकणाला बावीसचा रुपया समजलं, तर जखम खरी असते त्यापेक्षा तेवढ्या पटीने लहान निघणार. तीन पूर्णांक सात गुणिले एक पूर्णांक बासष्ट म्हणजे सहा. मोबाईलवर दोनदा केलं. सहाच. चार पूर्णांक आठवरून सहा. पाव हिश्श्याने वाढ. पहिला झाकणाचा फोटोही तसाच केला. तोही वाढलेला. म्हणजे ज्या दिवशी तिला हिरव्यात टाकलं, त्या दिवशी ती लालकडे चालली होती.

आकडा आला तेव्हा माझा हात स्थिर होता. हे माझं रोजचं काम आहे. राग नंतर आला, जेव्हा सुनेने हळूच विचारलं, "माझी चूक झाली का मामा?"

मी तिला म्हणालो, नाही. तू विचारलं होतंस. झाकण नेहमी तेच वापरलंस. ती हो म्हणाली, तेच, दुसरं कधी न्हाई. मी म्हणालो, मग तुझं माप बरोबर होतं. तुझं माप काय आहे, हे विचारायचं काम दुसऱ्याचं होतं.

मॅडम रविवार असूनही आल्या, हे लिहिलं पाहिजे. पाय बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खटपट करून डॉक्टरांना पडद्यावर आणलं, आणि ते आले, हेही लिहिलं पाहिजे. घरच्या कपड्यांत होते. पाय बघताक्षणी म्हणाले, आत्ताच हलवा, जिल्ह्याला, थांबू नका. तोवर मी गप्प होतो. गाडीसाठी फोन झाला होता, ती कुंभार पिंपळगावहून निघाली होती. मग मी त्यांना झाकण दाखवलं आणि हिशेब सांगितला.

त्यांना एका दमात कळलं. हुशार माणूस. मग मला नाही, मॅडमना म्हणाले, "नाणं ठेवायला स्पष्ट सांगितलं होतं. पेशंटने सूचना पाळल्या नाहीत, तशी नोंद करून ठेवा."

मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही दिलेलं औषध तिने चुकवलं?"

"औषधाचं मी बोलत नाही."

"फोटो चुकवला एखादा?"

"नाही. पण नाणं..."

"फोटोत छाप नसलेला रुपया होता. तो तुमच्याकडे कुणी बघितला?"

ते म्हणाले, "माझ्यासमोर यादीत किती लोक थांबलेले असतात याची तुम्हाला कल्पना नाही."

"नाही," मी म्हणालो. "तुम्हालाही आमची नव्हती."

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती आमच्या कारखान्यातली. वाईट आकडा आला की आम्ही सळई तपासतो. पण अचानक फार चांगला आकडा आला की आम्ही आधी माप घेणारं हत्यार तपासतो. जुनी साखर, साठीची बाई, उन्हाळ्याचे दिवस, आणि जखम पहिल्याच झटक्यात पाव हिश्श्याने भरली. तुम्हाला आनंद झाला. शंका का आली नाही? मला वाटतं हा प्रश्न त्यांनाही लागला. पण लागून उपयोग नव्हता. हिरवा रंग आला की तो माणूस यादीत मागे जातो आणि पुढच्याला जागा होते. सगळ्यांना हिरवा हवाच असतो. तो खोटा आहे का हे बघायला कुणाला वेळ नसतो, आणि वरच्या सभेत दाखवायला तर हिरवाच लागतो.

अक्का खाटेवरून हे ऐकत होती. गाडीत चढवताना म्हणाली, "लई बोललास त्याला. त्याला पगार तरी बराबर देतात का, इचारलं का?"

जालन्यात त्याच सर्जननी पाय बघितला. करंगळीच्या बुडाचं हाड सडलं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं, बाहेरच्या कडेचं मांसही बरंच गेलं. बाकी पाऊल वाचलं. मी त्यांना विचारलं, पहिल्या झाकणाच्या वेळी आणली असती तर बोटं वाचली असती का? ते म्हणाले, शक्यता होती. मी विचारलं, किती टक्के? ते म्हणाले, असं टक्क्यांत सांगता येत नाही. मला टक्के हवे होते. आजही हवे आहेत. शक्यता होती, या दोन शब्दांवर माणूस किती चिडू शकतो हे मला आधी माहीत नव्हतं.

अक्का आमच्याकडे महिनाभर राहिली. जनावरांचं काय, असं तिने एकदाही विचारलं नाही. तेच मला सगळ्यात जास्त बोचलं.

या काळात मी तीन ठिकाणी अर्ज केले. मागण्या दोनच होत्या. कागदी पट्ट्या पाठवा, आणि अक्काच्या नावापुढची ती नोंद काढा. पट्ट्यांबाबत उत्तर आलं की मागणी पुढे पाठवली आहे. नोंदीबाबत उत्तर आलं नाही. काही जण मला म्हणाले, पाय वाचला ना, नोंदीचं काय एवढं. मी त्यांना सांगतो. उद्या ही योजना कशी चालली याचा हिशेब होईल. त्यात अक्काची बोटं कुठल्या रकान्यात जातील? सोय चुकली, या रकान्यात नाही. अडाणी बाईने ऐकलं नाही, या रकान्यात. मग तिथले लोक मान हलवतील, म्हणतील गावाकडे जागृती नाही, आणि जागृतीची भित्तिपत्रकं छापतील. त्यासाठी कागद लगेच मिळेल.

अक्का गावी परतल्यावर जखम पुन्हा पडद्यावर दाखवायची वेळ आली. दाखवायची की नाही, यावर घरात बोलणं झालं. मी म्हणालो, दाखवायची. सोय चांगली आहे, माप वाईट होतं. ठरलेल्या दिवशी मी रजा टाकून गेलो. अक्का उपकेंद्राच्या खाटेवर बसली, पाय उशीवर. पट्टी सोडल्यावर तीन बोटांचा तो पाय मी नीट उजेडात पहिल्यांदा पाहिला. मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, पट्ट्या अजून आल्या नाहीत. नाणं काढायला त्यांचा हात पर्सकडे गेला नाही. त्या म्हणाल्या, नातीच्या कंपासमधली पट्टी आणली तर?

"लेकराच्या दप्तरातली?" अक्का म्हणाली. "ती सरस्वती हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बॅगेतून व्हर्नियर काढला, स्पिरिटने पुसला आणि जखमेशेजारी आडवा ठेवला, खुणा वर येतील असा.

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. "ह्याला तू दसऱ्याला हळदकुंकू लावतो."

"लावतो."

"मंग?"

"मोजायलाच आहे तो, अक्का. लोखंड मोजतो, तसा पाय मोजेल."

मग तिने पाय स्वतःच थोडा पुढे सरकवला, व्हर्नियरला टेकेल इतका नाही. "नंतर नीट पुसून घे," म्हणाली.

फोटो गेला. डॉक्टर पडद्यावर आले. मी म्हणालो, गोल काढू नका, पट्टीवरच्या खुणा वाचा. त्यांनी वाचल्या. तीन पूर्णांक एक. इथे मी आधीच मोजून ठेवलं होतं, तेवढंच. आतला भाग लाल आहे, भरतोय, असं ते म्हणाले, आणि रंग पिवळाच ठेवतो म्हणाले. मला ते बरं वाटलं. मग त्यांनी अक्काला विचारलं, आणि मला वाटतं मनापासून विचारलं, "मावशी, नाण्याचं तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की," अक्का म्हणाली. "हितंच बसून. तुम्ही दुसऱ्याचं वाचून राह्यले होते."

मी नोंदीचं विचारलं. ते म्हणाले, एकदा केलेली नोंद काढता येत नाही, तशी सोयच नाही, पण खाली भर घालता येते. मी म्हणालो, मग घाला, मी सांगतो तसं. ते टाइप करायला लागले. मी दोन वाक्यं सांगितली. नाण्याला हरकत रुग्णाने पहिल्याच दिवशी सांगितली होती. ती कुणी ऐकली नाही.

काय लिहिलं ते मी त्यांना वाचून दाखवायला लावलं. पहिलं वाक्य जसंच्या तसं होतं. दुसरं लिहिलंच नव्हतं. बाहेर बाकावर पुढची बाई पाय धरून बसली होती, म्हणून मी पुढे वाढवलं नाही. दुसरं वाक्य मी इथे लिहून ठेवलं आहे.